नवव्या तासाची किंमत



कामगारांसाठी झिजलेल्या माणसांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेत कामाच्या तासांबद्दल नव्यानं काय सांगणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. आठ तासांचा प्रश्न तर केव्हाच निकालात निघाला ना? निघाला असता तर बरं झालं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायचा निर्णय घेतला. तीन महिन्यांत जास्तीत जास्त किती ओव्हरटाइम घेता येईल, तो आकडा ११५ तासांवरून १४४ वर गेला. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत ९ तासांचे १० झाले. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीनं ज्या आकड्यांवर सही केली, ते आकडे आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा लिहिले जात आहेत. यावर चर्चा किती झाली? ‘नऊ की बारा’ एवढीच.

मला आज वेगळ्याच आकड्याबद्दल बोलायचं आहे. तो आकडा म्हणजे दोन. ओव्हरटाइमची मजुरी दुप्पट असते, हे तुम्हाआम्हाला पाठ आहे. पण ती दुप्पट का? दीडपट का नाही, सव्वापट का नाही? आपण समजतो की कामगार जादा राबतो, म्हणून त्याला जादा पैसे. माझं म्हणणं असं आहे, की दुप्पट मजुरी कामगाराला बक्षीस म्हणून कधीच घातली नव्हती. मालकाला नववा तास महाग पडावा आणि त्यानं तो शक्यतो घेऊच नये, म्हणून ती घातली. ज्या दिवशी ओव्हरटाइम हा पगाराचाच भाग होतो, त्या दिवशी कायदा पुस्तकात शिल्लक असतो, पण त्याचा हेतू मेलेला असतो. हे मी चार टप्प्यांत मांडणार आहे: हा आकडा आला कुठून, तो काय काम करतो, तो निकामी कसा केला जातो आणि त्याविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप कितपत टिकतात.

पहिला टप्पा इतिहासाचा. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला कामाचा दिवस सूर्य ठरवत होता. उजाडलं की यंत्रं सुरू, मावळलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणंही जास्त. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानं सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ९ तासांची मर्यादा घातली. लक्षात घ्या, सात वर्षांच्या मुलांसाठी! प्रौढांच्या तासांना त्यानं हातच लावला नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. काय मागितलं होतं त्यात? दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. काम करताना इजा झाली तर भरपाई. ही यादी पुन्हा एकदा मनात वाचा. जास्त तास राबतो म्हणून जास्त पैसे द्या, असं तिच्यात कुठेही नाही. दिवसाला कुठेतरी शेवट असावा, एवढंच त्या माणसांना हवं होतं. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या सुट्टीमुळे आपण इथं निवांत बसतो, ती अशी आली. पंचांगातून आली नाही.

मग आली वीज. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताची अट आपोआप गळून पडली. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिव्यांचा दोष नव्हता. आजवर निसर्गानं घातलेली मर्यादा यंत्रानं काढून टाकली होती आणि तिच्या जागी माणसानं दुसरी मर्यादा घातलेली नव्हती. ती १९११ च्या कायद्यानं घातली: कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तास. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथं होते. जगासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरले, हिंदुस्थानासाठी मात्र खास सवलत, ६० तासांचा आठवडा. ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या तासांना किमान सव्वापट मजुरी द्यावी, हेही त्याच ठरावात आलं. पुढे १९२२ च्या कायद्यानं ६० तास, १९३४ च्या कायद्यानं बारमाही कारखान्यांना ५४ तास, आणि १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, ४८ तास. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ही सगळी घडी पक्की केली: आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९ तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि दिवसाचे ९ किंवा आठवड्याचे ४८ तास ओलांडले की दुप्पट मजुरी. सहा दिवसांच्या आठवड्यात ४८ म्हणजे दिवसाला आठच, म्हणून रोजचा नववा तास दुपटीचा. वॉशिंग्टनच्या सव्वापासून दुपटीपर्यंत यायला तीस वर्षं गेली, तीही युद्धं, मंदी आणि संपांनी गाजलेली. तो आकडा कुणी सहज लिहून टाकलेला नाही.

आता दुसरा टप्पा. दुपटीचं काम काय? थोडं गणित करू या, घाबरू नका, तोंडी होण्यासारखं आहे. कारखान्याकडे ऑर्डर वाढली. मालकासमोर दोन वाटा आहेत: नवा माणूस घ्यायचा, की आहे त्यालाच थांबवून घ्यायचं? नवा माणूस घेतला की त्याच्या पगाराशिवाय भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के, राज्य विमा योजनेचे सव्वातीन टक्के, ग्रॅच्युइटीसाठी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, किमान बोनस ८.३३ टक्के, आणि वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. ढोबळ बेरीज केली तर पगारावर आणखी एक तृतीयांश. शिवाय कॅन्टीन, बस, गणवेश, शिकवण्यात जाणारे दिवस, आणि उद्या काम कमी झालं तर त्याला काढायची कटकट, ती वेगळीच. उलट जुन्याच माणसाला चार तास थांबवलं, तर त्या तासांच्या मजुरीवर भविष्यनिर्वाह निधी नाही, नवी रजा नाही, नवी खुर्ची नाही. म्हणजे जादा तासाला सव्वापट मजुरी दिली तरी तो तास नव्या माणसाच्या तासापेक्षा स्वस्तच पडतो. दीडपटीलाही मालक दोनदा विचार करील, पण थांबेलच असं नाही. दुपटीला तो थांबतो. तिथं गणित उलटतं आणि नवा माणूस घेणं परवडायला लागतं.

मुंबईत रात्री बारानंतर रिक्षाचं भाडं सव्वापट होतं. त्यामुळे रात्री रिक्षा बंद होतात का? नाही, त्यामुळे तर त्या मिळतात. सव्वापट हा दर आमंत्रणाचा आहे. ज्याला ओव्हरटाइम सव्वापटीवर आणायचा आहे, त्याला तो कमी करायचा नसून वाढवायचा आहे, एवढं आपण स्पष्ट ओळखलं पाहिजे. ‘आंतरराष्ट्रीय ठराव तर सव्वापटच सांगतो, आपणच दुपटीचा हट्ट का धरायचा?’ असा युक्तिवाद अलीकडे मोठ्या विद्वत्तेनं केला जातो. त्याला उत्तर सोपं आहे. १९१९ मध्ये आपल्याकडे राज्य विमा नव्हता, निधी नव्हता, बोनसचा कायदा नव्हता, ग्रॅच्युइटीचा नव्हता. ते १९४८, १९५२, १९६५ आणि १९७२ मध्ये आले. माणूस कामावर ठेवण्याचा खर्च वाढला, तसा जादा तासाचा दरही वाढवावा लागतो, नाहीतर तोल जातो. आणि तो ठराव किमान सव्वा म्हणतो, कमाल सव्वा म्हणत नाही, हे सांगायला ही विद्वान मंडळी विसरतात.

तोल जातो म्हणजे काय होतं? एका कारखान्यात शंभर यंत्रं आहेत, दर यंत्रावर एक माणूस लागतो आणि ती चोवीस तास चालतात, असं धरू. आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या तर तीनशे माणसं लागतात. बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या तर दोनशे. मधली शंभर माणसं गेली कुठं? ती त्याच औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर कंत्राटदाराची वाट बघत उभी आहेत. बेकारीवर परिषदा भरवायच्या आणि एका माणसाकडून दीड माणसाचं काम करून घ्यायचं, या दोन गोष्टी एकाच राज्यात कशा चालतात? दुपटीचा दर ही बेकारीवरची सर्वांत स्वस्त योजना आहे. तिला अनुदान लागत नाही, पोर्टल लागत नाही. दर नुसता पाळावा लागतो.

इथंच तिसरा टप्पा येतो, दर पाळला जात नाही त्याचा. कायदा न बदलता तो निकामी करण्याच्या काही सर्रास रीती आहेत. पहिली रीत हजेरीची. मस्टरवर पाळी आठ तासांचीच असते, प्रत्यक्षात माणूस बारा तासांनी गेटबाहेर पडतो. वरच्या चार तासांची नोंद दुसऱ्या वहीत, नाहीतर सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत. दुसरी रीत पगाराच्या चिठ्ठीची. कामगारांच्या बोलण्यात ‘डबल ओटी’ आणि ‘सिंगल ओटी’ असे दोन शब्द सर्रास ऐकू येतात. कायद्याला सिंगल ओटी नावाचा प्रकार ठाऊकच नाही! पण कंत्राटी माणसाला तोच मिळतो आणि पगाराच्या चिठ्ठीवर तो ‘इन्सेंटिव्ह’ किंवा ‘हजेरी भत्ता’ म्हणून उमटतो, म्हणजे ओव्हरटाइम झाल्याचा पुरावाच राहत नाही. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत कंत्राटी कामगारांचा वाटा आज सुमारे ४० टक्के आहे, म्हणून ही गोष्ट किरकोळ नाही. तिसरी रीत पदाची. माणसाला ‘टीम लीडर’ किंवा ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणायचं, की तो व्यवस्थापनात गेला आणि तासांच्या तरतुदींबाहेर पडला. त्याच्या हाताखाली कुणी असलं काय, नसलं काय! आणि चौथी रीत उक्त्या दराची. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी हीच रीत होऊन बसली आहे. तिथं मजुरी कापडाच्या मीटरवर किंवा पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मिळते, म्हणून तास मोजायचेच नाहीत, असा समज करून दिला जातो. वास्तविक १९४८ च्या कायद्यानं उक्त्या कामगाराचाही ओव्हरटाइमचा दर कसा काढायचा हे लिहून ठेवलं होतं. ऊसतोडणीच्या कोयत्यापर्यंत तर तासांचा कायदा कधी पोचलाच नाही. मुकादमाची उचल फिटेपर्यंत गाडी रात्री कितीला भरायची हे कारखान्याची पाळी ठरवते.

आता थोडं जवळून बघू. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या शेडमधला पॉवर प्रेस डोळ्यांसमोर आणा. कामगार डाव्या हातानं पत्रा डायवर ठेवतो, पायानं पॅडल दाबतो, वरून काही टनांचा घाव बसतो, उजव्या हातानं तयार भाग काढतो, पुन्हा पत्रा. मिनिटाला कित्येक घाव. सेन्सर असला तर तो बंद करून ठेवलेला, कारण त्यानं उत्पादन मंदावतं. पहिल्या तासाला हात आणि पाय यांचा मेळ पक्का असतो. अकराव्या तासाला हात आत असताना पाय दाबला जातो. एक बोट जातं, कधी दोन. अहवालात कारण लिहिलं जातं: कामगाराचा निष्काळजीपणा. आठव्या-नवव्या तासानंतर अपघाताचा धोका वाढत जातो, हे औद्योगिक आरोग्याच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून केलेली पाहणी सांगते, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्याला ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. लांब तासांशी जोडलेले असे ७ लाख ४५ हजार मृत्यू २०१६ या एका वर्षात जगभर झाले, असा त्यांचा अंदाज आहे. मग सांगा, नवव्या तासाची किंमत दुप्पट ठेवणं हे लाड आहेत का?

आणि तरीही, श्रोतेहो, नव्या संहितेबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. तिच्यात काही गोष्टी चांगल्या आहेत. ओव्हरटाइमला कामगाराची संमती हवी, असं तिनं प्रथमच स्पष्ट म्हटलं. ओव्हरटाइम दिवसावर मोजायचा की आठवड्यावर, यात कामगाराला फायद्याचं असेल ते धरायचं, असं म्हटलं. वेतनसंहितेत थकलेल्या मजुरीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. हे सगळं स्वागतार्ह आहे. दुप्पट हा शब्दही कायम आहे. पण दुप्पट कशाची? खरी मेख इथंच आहे. जुन्या कायद्यात मूळ पगार अधिक कामगाराला मिळणारे भत्ते, त्यातून बोनस आणि ओव्हरटाइम वजा, असा आधार होता. नव्या व्याख्येत घरभाडं, प्रवासखर्च असे भत्ते वेतनाबाहेर जातात, फक्त ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त नसावेत. आता एक कुशल कामगार घ्या, महिन्याला सगळं मिळून ४१,६०० रुपये. सव्वीस दिवस, आठ तास, म्हणजे तासाला २०० रुपये. त्याच्या रकमेतली बरोबर निम्मी मूळ पगार आणि महागाई भत्ता असेल, तर कायद्याच्या भाषेत त्याचं वेतन तासाला १०० रुपये. त्याची दुप्पट किती? २०० रुपये. म्हणजे नवव्या तासाला त्याला तेवढेच पैसे, जेवढे पहिल्या तासाला! कायद्यात दुप्पट आणि खिशात एकपट. किमान वेतनावरच्या माणसाला ही झळ कमी बसेल, कारण त्याच्या पगारात भत्त्यांना जागाच नसते. पण त्याच्या वरच्या प्रत्येक पायरीवर ती बसेल. गुणक तसाच ठेवायचा आणि ज्याला गुणायचं तेच आखडून घ्यायचं, यावर विधिमंडळात किंवा संसदेत किती वेळ चर्चा झाली, हे ज्यानं त्यानं शोधून बघावं.

चौथा टप्पा आक्षेपांचा. सर्वांत वजनदार आक्षेप कामगारांच्याच नावानं घेतला जातो: ‘अहो, त्यांनाच ओव्हरटाइम हवा असतो. तुम्ही सभागृहात बसून त्यांच्या तोंडचा घास का काढता?’ खरं आहे, हवा असतो. ओटी बंद झाली की कामगार नाराज होतात, हे कुठल्याही युनियनच्या कार्यकर्त्याला विचारा. पण का हवा असतो? आठ तासांच्या पगारात खोलीचं भाडं, शाळेची फी आणि गावाकडची औषधं भागत नाहीत म्हणून. ज्याच्यासमोर उपास आणि बारा तास एवढेच दोन पर्याय आहेत, त्यानं बारा तास निवडले म्हणजे त्यानं स्वातंत्र्य वापरलं, असं म्हणायला जरा धाडस लागतं. लेखी संमतीचंही तेच. कामावर घेतानाच दहा छापील कागदांवर सह्या घेतात, त्यात अकरावा कागद सहज खपतो. ज्याला नाही म्हटल्यावर उद्या गेटवर अडवलं जाणार नाही, त्याच्याच हो म्हणण्याला संमती म्हणावं. कायम कामगार कधीमधी नाही म्हणू शकतो. कंत्राटी म्हणू शकत नाही. म्हणून हा आक्षेप ओव्हरटाइमच्या बाजूचा पुरावा नाहीच. तो मूळ पगार अपुरा असल्याचा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा: जपान, कोरिया, चीन असेच पुढे गेले, आपण तास मोजत बसलो तर मागे पडू. एका उद्योगपतींनी तरुणांना ७० तास सांगितले, दुसऱ्यांनी ९०. लिलावच जणू! या देशांकडे बघायचंच असेल तर आजचं बघा. अतिकामानं होणाऱ्या मृत्यूसाठी ज्या जपानी भाषेला स्वतंत्र शब्द ठेवावा लागला, त्या जपाननं २०१८ च्या कायद्यानं ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. अपवाद म्हणून तो वर्षाला ७२० पर्यंत जाऊ देतो. आपले तिमाहीचे १४४ वर्षाला ५७६ होतात, तेही नेहमीचे. दक्षिण कोरियानं २०१८ मध्येच ओव्हरटाइमसकट आठवडा ५२ तासांवर आणला. चीनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याला सहा दिवस ही पद्धत बेकायदा असल्याचं सांगितलं. ज्यांच्या वाटेनं जायचं म्हणतो, ते त्या वाटेवरून परत येताहेत. आणि उत्पादनाचं म्हणाल, तर पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांच्या नोंदी पुरेशा बोलक्या आहेत. त्यांचा अलीकडे पुन्हा अभ्यास झाला. पन्नाशीच्या आसपास तास गेले की दर तासाचं उत्पादन घसरू लागतं, आणि सत्तर तास राबून मिळालेला माल छप्पन्न तासांच्या मालापेक्षा जेमतेमच जास्त होता. लढाई चालू असताना, देशप्रेमानं भारलेल्या कामगारांकडून!

तिसरा आक्षेप लवचिकतेचा. ऑर्डर हंगामी असतात, कायद्यानं हात बांधू नयेत. कबूल. पण हात बांधले होते कुणी? १९४८ च्या कायद्यातच अडीनडीसाठी सवलत होती: दिवसाला १० तासांपर्यंत, आठवड्याला ६० तासांपर्यंत, तिमाहीत आधी ५० आणि विशेष परवानगीनं ७५ तास. अडचण एवढीच होती, की ती अडीनडीसाठी होती. आज मागणी आहे ती कायमच्या अडीनडीची. दररोज बारा तास आणि आठवड्याला सहा दिवस धरले, तर तेरा आठवड्यांच्या तिमाहीत ओव्हरटाइम होतो ३१२ तास. पाच दिवस धरले तरी १५६ तास, म्हणजे नव्या १४४ च्याही वर. बारा तासांची पाळी चार दिवसांचीच असेल तरच हिशेब कायद्यात बसतो, आणि मग तीन दिवस सुट्टी द्यायला हवी. किती कारखाने तीन दिवस सुट्टी देणार आहेत? शिवाय बारा तास कामाचे, त्यात दोन-अडीच तास लोकलचे किंवा कंपनीच्या बसचे. वेळेच्या वापराच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रीचे त्या कामात रोज जवळजवळ पाच तास जातात, पुरुषाचे दीड तासाच्या आसपास. बारा तासांच्या पाळीची जाहिरात स्त्रीला उद्देशून नसते, हे न लिहिताही सगळ्यांना कळतं.

आणि संकटकाळाचं काय, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं दिलेलं आहे. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारनं साथीचं कारण देऊन कारखान्यांना दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तासांची मुभा दिली आणि जादा तासांना साध्या दरानंच मजुरी ठरवली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं ती अधिसूचना रद्द केली. कायद्यातली सार्वजनिक आणीबाणी म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका. उद्योगांची आर्थिक ओढाताण ही आणीबाणी होत नाही, मंदीचा भार कामगारांच्याच खांद्यावर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायालय तिथं थांबलं नाही. मधल्या काळातल्या ओव्हरटाइमची मजुरी कायद्याच्या दुप्पट दरानं द्यावी, असाही आदेश त्यानं दिला. म्हणजे संकटातसुद्धा दोन हा आकडा ढळत नाही. मग संकट नसताना तो का ढळावा?

शेवटचा आक्षेप निराशेचा आहे: ‘नव्वद टक्के माणसं असंघटित. त्यांच्यापर्यंत कायदा पोचतच नाही, मग या सगळ्याचा उपयोग काय?’ उपयोग हा, की घरकाम करणारी बाई असो की दुकानातला पोऱ्या, ‘आठ तास झाले’ हे वाक्य त्याला म्हणता येतं ते कायद्यानं आठ हा आकडा रुजवला म्हणून. कायदा जिथं पोचत नाही तिथंही त्याचं माप पोचतं. मोठ्या कारखान्यानंच बारा तासांचं माप लावलं, तर छोट्या शेडमधल्या माणसानं कशाकडे बोट दाखवायचं?

तर मागायचं काय? माझ्या तीन मागण्या आहेत. एक, ओव्हरटाइमची दुप्पट ही कामगाराच्या हातात पडणाऱ्या नियमित भत्त्यांसकटच्या रकमेवर मोजावी. राज्याच्या नियमांत आणि करारांत तसं लिहून घेता येईल, कारण संहिता किमान दर सांगते, त्याहून चांगला देऊ नका असं सांगत नाही. दोन, तासांची नोंद कामगाराच्या हातात असावी. युरोपीय न्यायालयानं २०१९ मध्येच म्हटलं, की रोजचे तास मोजणारी विश्वसनीय व्यवस्था नसेल तर तासांचा हक्क नुसता कागदावर राहतो. आपल्याकडे गेटवर बोट टेकवून हजेरी लागतेच. आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ कामगाराच्या मोबाइलवर, कंत्राटी असो की कायम, त्याच क्षणी गेली पाहिजे. उशीर झाला तर मिनिटांचा पगार कापणारं यंत्र जादा तास मोजताना आंधळं का होतं? तीन, किमान वेतन आठ तासांत घर चालेल एवढं ठरवावं. ही मागणी सर्वांत अवघड आणि सर्वांत आधीची आहे, कारण ती पुरी झाली नाही तर पहिल्या दोन मागण्यांना खुद्द कामगारच पाठ फिरवील.

आटोपतं घेतो. कामाच्या तासांना मर्यादा आपोआप राहत नाही. सूर्यानं घातली होती ती दिव्यानं काढली, मग कायद्यानं घातली. कायद्यानं ती नुसती मनाई करून राखली नाही, नववा तास महाग करून राखली. तो महाग राहिला तर नव्या माणसाला काम मिळतं, जुन्याची बोटं शाबूत राहतात आणि संध्याकाळ घराला मिळते. तो स्वस्त झाला तर यातलं काहीच राहत नाही, मग मर्यादा नऊची लिहा की बाराची. म्हणून यापुढे कुणी तुम्हाला विचारलं, की बारा तासांच्या बाजूचे आहात की विरोधातले, तर लगेच उत्तर देऊ नका. उलट विचारा: नववा तास कितीला पडणार, तो कुणाच्या वहीत लिहिला जाणार आणि त्याला नाही म्हणणाऱ्याची नोकरी दुसऱ्या दिवशी राहणार का? या तीन प्रश्नांची उत्तरं सरळ आली, तर बाकीची बोलणी करायला आपण केव्हाही तयार आहोत.